ओटा बदलावा की घोटावा?

बीड जिल्हा जवळजवळ सगळा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. बालाघाटच्या डोंगरात कोठेही खणले तर आधी मुरूम लागतो आणि मुरमाखाली पाषाण. बीड शहरातले कंकालेश्वराचे मंदिर याच दगडाचे आहे, अंबाजोगाईचा हत्तीखाना याच दगडात कोरलेला आहे आणि घरोघरचे जाते, पाटा, उखळही याच दगडाचे. स्वयंपाकघरातला ओटा मात्र परमुलखातल्या दगडाचा असतो. तो कडप्प्याचा असतो, शहाबादीचा असतो, नाहीतर अलीकडच्या घरात ग्रॅनाइटचा. पायाखाली एवढा दगड असताना ओट्यासाठी दगड बाहेरून का आणावा लागतो?

याचे उत्तर दगडाच्या जन्मात आहे. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा थिजलेला थर. थिजताना तो आक्रसला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा गेल्या. त्यामुळे खाणीतून चौकोनी चिरे, खांडके, खडी मिळते; पण आठ फूट लांब आणि पाऊण इंच जाड असा पत्रा सहजी निघत नाही. कडप्पा आणि शहाबादी हे त्याउलट चुनखडक आहेत. कितीतरी पटींनी जुन्या काळातल्या समुद्राच्या तळाशी गाळाचे थर एकावर एक बसत गेले आणि त्यांचा खडक झाला. वहीच्या पानांसारखे हे थर पहार आणि पाचर लावून सुटे करता येतात. दगड कापणारी यंत्रे नव्हती तेव्हाही त्याच्या पातळ, सपाट फरश्या मिळत होत्या, त्या यामुळेच. शहाबाद गुलबर्गा (आता कलबुर्गी) जिल्ह्यातले, आणि १९५६ पर्यंत बीड आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा ही फरशी इकडे यावी यात नवल नाही. कडप्पा दगडाला तर आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्याने नाव दिले.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की दहा-पंधरा वर्षांत ओट्याची चमक गेली, त्यावर पांढुरके डाग पडले, कडेचा टवका उडाला की घरात एकच बोलणे निघते: ओटा फोडून नवा टाकू. गवंडी आणि दुकानदार दोघेही त्याला दुजोरा देतात. ऊसतोडीला जाऊन साठवलेल्या पैशांतून घर बांधलेल्या कुटुंबाला हा खर्च लहान नसतो, कारण ओटा एकटा निघत नाही. त्याच्याबरोबर भिंतीच्या टाइल्स निघतात, मोरीचा नळ निघतो, गॅसची नळी हलते. आमच्या मते दहापैकी बऱ्याच वेळा हा खर्च अनावश्यक असतो. पण ते कोणाला पटवायचे तर ओट्याचे नेमके काय बिघडले आहे हे आधी समजून घेतले पाहिजे.

पाटा आणि ओटा

पाट्याचे उदाहरण घेऊ. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो आणि मग त्यावर चटणी नीट वाटली जात नाही, मिरची नुसती सरकते. पाट्याचे काम त्याच्या खडबडीतपणावर चालते. बारीक उंचवटे दाणा कापतात आणि खळग्यांत तो अडकून राहतो. उंचवटे झिजले की पाटा ‘मेला’. अशा वेळी कोणी पाटा उकिरड्यावर टाकत नसे. टाकी लावणारा गल्लीतून ओरडत यायचा, हातोडी आणि टाकी घेऊन ठिपक्याशेजारी ठिपका असे पाट्याचे तोंड टोचून द्यायचा, आणि पाटा पुन्हा नवा. त्यानंतरचे पहिले मूठभर दळण किंवा वाटण फेकून द्यायचे, कारण त्यात दगडाची कच उतरते, हेही प्रत्येक घरात माहीत होते. जात्याचेही तसेच.

ओट्याची गोष्ट अगदी उलटी. तो झिजला की खडबडीत होतो. त्याला नवे करायचे म्हणजे गुळगुळीत करायचे. पण तत्त्व एकच आहे. दोन्ही ठिकाणी बिघाड वरच्या केसभर थरात असतो आणि खालचा सगळा दगड जसाच्या तसा चांगला असतो. पाट्याच्या बाबतीत हे आपल्या आजीला ठाऊक होते. ओट्याच्या बाबतीत ते आपण विसरलो, बहुधा ओटा हा दगड नसून ‘फर्निचर’ आहे असे वाटू लागल्यामुळे.

किती दगड चांगला असतो त्याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. ८ फूट लांब, २ फूट रुंद आणि पाऊण इंच जाड फरशी घ्या. पाऊण इंच म्हणजे एका फुटाचा सोळावा भाग. म्हणजे फरशीचे आकारमान बरोबर १ घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दगडाची घनता पाण्याच्या २.७ पट धरली तर वजन ७६ किलो. आता या फरशीच्या वरून दशांश मिलिमीटर जाडीचा थर घासून काढला तर किती दगड जाईल? सुमारे ४०० ग्रॅम. एकीकडे ४०० ग्रॅम भुकटी आणि दुसरीकडे ७६ किलो दगड फोडून टाकणे, शिवाय तेवढाच नवा दगड शेकडो किलोमीटरवरून आणणे.

लिंबाचा एक थेंब

ओट्याची चमक जाते कशाने? लोक म्हणतात, वापराने. हे अर्धेच खरे आहे. कडप्पा आणि शहाबादी यांचा मुख्य घटक कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडू, चुनखडी, शिंपले आणि संगमरवर यांतही तेच द्रव्य. आणि कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडले की ते विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, हे आपण आठवी-नववीच्या वर्गात शिकवतोच. स्वयंपाकघरात आम्लांना काय तोटा! लिंबू, चिंच, कैरी, ताक, टोमॅटो, लोणच्याचा खार.

कागदी लिंबाचा रस सांडला तर किती दगड खाईल? १० मिलिलिटर रसात साधारण ५ टक्के, म्हणजे अर्धा ग्रॅम सायट्रिक आम्ल असते. समीकरण मांडले तर ३८४ ग्रॅम सायट्रिक आम्ल ३०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावते. तेव्हा अर्धा ग्रॅम आम्ल जास्तीत जास्त ०.३९ ग्रॅम दगड खाईल. त्याचे आकारमान ०.१४४ घनसेंटिमीटर. रस १० सेंटिमीटर गुणिले १० सेंटिमीटर जागेवर पसरला असे धरले तर खाल्लेल्या थराची जाडी येते सुमारे १४ मायक्रॉन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) प्रत्यक्षात आपण रस लगेच पुसतो. समजा दहावा हिस्साच अभिक्रिया झाली, तरी १.४ मायक्रॉन थर गेला.

एवढ्याने काय होते? वजनात काही नाही, पण चमकेत सर्वकाही. प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खळगे या तरंगलांबीच्या मानाने अगदी लहान असतील तर सगळ्या भागांवरून परतणारे तरंग एकमेकांशी जुळून एकाच दिशेने जातात आणि दगडात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दिसते. उंचवटे तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे झाले की प्रकाश चहूकडे विखुरतो, प्रतिबिंब मोडते आणि दगड फिका, धुरकट दिसतो. आम्ल दगडाला सगळीकडे सारखे खात नाही. कॅल्साइटचा एक कण लवकर विरघळतो, शेजारचा सावकाश, आणि त्यांच्यामध्ये पायऱ्या पडतात. म्हणून लिंबाची अर्धी फोड ओट्यावर पालथी राहिली तर तिच्या आकाराचे वर्तुळ उमटते. तो डाग नाहीच. काही चिकटलेले नाही, उलट काहीतरी गेलेले आहे. म्हणून तो घासून निघत नाही, आणि जितके घासू तितका वाढतो.

इथे बीडकडच्या पाण्याचा संबंध येतो. बेसॉल्टच्या भेगांतून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे भरपूर असतात. बोअरचे पाणी ‘जड’ लागते ते यामुळे. नळाभोवती, भांडी पालथी घालतो तिथे, पाणी वाळले की पांढरी कड उमटते. ती कॅल्शियम कार्बोनेटची. ती काढायला लोक फरशी धुण्याचे ॲसिड आणतात, म्हणजे पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. ते ओतले की फसफस होते आणि ‘घाण निघतेय’ असे वाटून समाधान होते. पण पांढरी कड आणि कडप्पा ही दोन्ही एकाच द्रव्याची. आम्लाला त्यांत भेद करता येत नाही. कड संपली तरी फसफस थांबत नाही. पुढची फसफस ओट्याची असते. आमच्या पाहण्यात जे ओटे सर्वांत वाईट अवस्थेत होते ते या ॲसिडाने गेलेले होते. ही कड ओलसर करून प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडावी. वेळ लागतो, पण दगड शाबूत राहतो. त्याहून सोपे म्हणजे पाणी वाळूच न देणे, ओटा रात्री फडक्याने कोरडा करणे.

ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतोच. आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीहून येणारा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा गॅब्रोच्या कुळातला दगड आहे. गॅब्रो म्हणजे जमिनीखाली सावकाश थिजलेला, मोठ्या कणांचा बेसॉल्टच. म्हणजे आपण पाट्याच्या चुलतभावाचा ओटा करून घेतो आणि त्याला ग्रॅनाइट म्हणतो. या दगडांत कॅल्साइट नसते, सिलिकेट खनिजे असतात. लिंबू-चिंचेचा त्यांवर परिणाम होत नाही.

आम्लाखेरीज दुसरा शत्रू ओरखडे. मोसच्या श्रेणीत कॅल्साइटचे काठिण्य ३, पोलादी चाकूचे साधारण ५.५, फेल्डस्पारचे ६, क्वार्ट्‌झचे म्हणजे गारगोटीचे ७. चाकू कडप्प्यावर ओरखडा काढतो, गॅब्रोवर काढू शकत नाही. काळ्या ग्रॅनाइटवर स्टीलच्या पातेल्याच्या करड्या रेघा दिसतात, त्या ओरखडे नसून पातेल्याचे झिजलेले स्टील असते. तारेची घासणी कडप्प्याला ओरखडते. राख सोवळी आणि निरुपद्रवी वाटते, पण ज्वारीच्या धाटांच्या, उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका असते आणि तीही कॅल्साइटपेक्षा कठीण.

उष्णतेचाही थोडा वाटा आहे. कॅल्साइटचा स्फटिक तापवला की एका दिशेने फुगतो आणि तिच्याशी काटकोनातल्या दिशेने किंचित आक्रसतो. शेजारशेजारचे स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी बसलेले असल्याने ते एकमेकांना ढकलतात. तापलेली कढई रोज एकाच जागी टेकवली तर तिथले कण सैल होतात. अडणी वापरण्याची जुनी पद्धत दगडाच्याही भल्याची आहे.

पाणी टाकून पाहावे

ओटा दुरुस्त होण्यासारखा आहे की नाही हे ओळखायला एक बिनखर्ची कसोटी आहे. फिक्या पडलेल्या जागेवर पाणी शिंपडावे. ओला असताना ओटा नव्यासारखा काळाभोर दिसला आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाला, तर बिघाड फक्त पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आहे. पाणी खळग्यांत भरते. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि कॅल्साइटचा दिशेनुसार १.४९ ते १.६६. हवेतून एकदम दगडात शिरण्यापेक्षा पाण्यातून दगडात शिरताना अपवर्तनांकातला फरक कमी असतो, म्हणून खळग्यांच्या भिंतींवर प्रकाश कमी विखुरतो आणि पाण्याचा वरचा पृष्ठभाग आपोआप सपाट असतो. विखुरलेल्या पांढऱ्या उजेडाचा पडदा दूर झाला की खालचा खरा रंग दिसतो. ओल्यातही एखादा ठिपका वेगळाच दिसत राहिला, तर मात्र काहीतरी दगडाच्या आत मुरलेले आहे: तेल, हळद किंवा गंज.

पुष्कळ घरी कडप्प्याला खोबरेल तेलाचा हात फिरवतात. त्यामागे हेच शास्त्र आहे. तेलाचा अपवर्तनांक पाण्याहून जास्त आणि ते लवकर उडून जात नाही. चार दिवस ओटा छान दिसतो. पण तेलावर धूळ बसते, तेल हवेने चिकट होते आणि आणखी एक थर काढायचे काम वाढते. काही जण काळे बूटपॉलिश लावतात. जिथे भाकरी थापायची तिथे बूटपॉलिश लावावे असे आम्हांला वाटत नाही.

मुरलेल्या तेलासाठी लेप लावावा. मुलतानी माती किंवा खडूची बारीक पूड, त्यात थोडा खाण्याचा सोडा, पाणी घालून घट्ट कालवावे, डागावर बोटभर जाड थापावे, वर प्लास्टिक झाकावे आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून वाळू द्यावे. वाळताना बारीक छिद्रांतले द्रव लेपाकडे ओढले जाते, टिपकागदात शाई चढते तसे. एकदा करून भागत नाही, तीन-चार वेळा करावे लागते. हळदीचे म्हणाल तर ती साबणाने लाल होते आणि उन्हाने उडते. ओट्यावर ऊन येत असेल तर तिची फार काळजी करू नये.

घोटणे

आता मुख्य काम. घोटणे म्हणजे मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी लहान ओरखडे करणे, मग त्यांच्या जागी आणखी लहान, असे करत करत ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीखाली नेणे. चमकदार दगडावर ओरखडे नसतात असे नाही, ते दिसण्याइतके मोठे नसतात एवढेच.

त्यासाठी दगडाहून कठीण दाणा लागतो. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, काठिण्य ९ च्या वर. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांना १८९१ मध्ये कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटीत विजेच्या भट्टीत हे मिळाले. हिरे झाले नाहीत, पण घासण्याच्या धंद्याला हिऱ्याच्या खालोखालचा दाणा मिळाला. हार्डवेअरच्या दुकानात, गाड्यांना रंग देणारे जो काळा ‘वॉटर पेपर’ नेतात, त्यावर हाच दाणा असतो. कडप्पा आणि शहाबादीला हा कागद आणि हात पुरतो. ग्रॅनाइटला हात पुरत नाही. त्याला हिऱ्याची पूड बसवलेली चकती आणि यंत्रच हवे.

कागदाच्या पाठीवर आकडा असतो. आकडा म्हणजे दाणा चाळायच्या चाळणीला एका इंचात किती घरे, असे ढोबळमानाने समजावे; आकडा मोठा तितका दाणा बारीक. ६० नंबरचा दाणा साधारण पाव मिलिमीटर, १२० चा दशांश मिलिमीटरच्या आसपास, ४०० चा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, आणि ३००० चा काही मायक्रॉन. फक्त लिंबाचे डाग असतील तर २२० किंवा ४०० पासून सुरुवात करावी. नखाला लागणारे ओरखडे असतील तर १२० पासून. उगाच जाड कागदाने सुरू केले तर आपणच पाडलेले ओरखडे काढण्यात दिवस जातो.

यातली गोम अशी की प्रत्येक नंबराने आधीच्या नंबराचे ओरखडे पूर्ण काढले पाहिजेत. घाईत एक पायरी गाळली तर शेवटी चमक येते, पण चमकेखाली जाड रेघा तशाच दिसतात आणि मग पुन्हा मागे जावे लागते. ओरखडे गेले हे कळावे कसे? दोन युक्त्या आहेत. एक, प्रत्येक नंबराला घासण्याची दिशा बदलावी. आधी लांबीत घासले असेल तर आता रुंदीत. जुन्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी झाली की पुढचा कागद घ्यावा. दुसरी, कोरड्या दगडावर पेन्सिलीने (काळ्यावर पांढऱ्या) जाळी काढावी. खळग्यातली रेघ सर्वांत शेवटी पुसली जाते. आणि नंबर बदलताना ओटा, हात, बादली, लाकडाचा ठोकळा सगळे धुऊन घ्यावे. १२० चा एक दाणा ६०० च्या कागदाखाली सापडला तर तासाभराच्या कामावर रेघ ओढतो.

कागद सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा. बोटांनी दाबून घासले तर डागाच्या जागी खड्डा पडतो, आणि चमकल्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब तिथे वाकडे होऊन तो खड्डा जगाला दाखवते. डागापुरतेच न घासता भोवतालची हातभर जागा घ्यावी. हाताने एका चौरस फुटाला सगळे नंबर मिळून अर्धा-पाऊण तास सहज लागतो. १००० किंवा १५०० नंबरापर्यंत गेल्यावर ओटा हाताला रेशमासारखा लागतो आणि तिरप्या नजरेने चमकतो. तिथे थांबावे असे आमचे मत आहे. आरशासारख्या चमकेवर पुढचा लिंबाचा थेंब जास्त उठून दिसतो. संगमरवराला कारागीर शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पूड लावून फेल्टने घोटतात. तिने पृष्ठभागावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा न विरघळणारा पातळ थर बसतो. चमक सुरेख येते, पण हे द्रव्य विषारी आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर ते घरच्या घरी वापरू नये आणि शाळेत तर मुळीच नाही.

पाणी आणि धूळ

घासताना दगड सतत ओला ठेवायचा. पाण्याने भुकटी वाहून जाते, कागद बुजत नाही आणि उष्णता होत नाही. पण खरे कारण निराळे आहे. ग्रॅनाइट, वालुकाश्म यांसारख्या दगडांत स्फटिकी सिलिका असते. कोरडे कापताना-घासताना तिची धूळ उडते. चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकात, घशात अडत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांत पोहोचतात, आणि तिथे पडलेले व्रण पुन्हा भरून येत नाहीत. हा सिलिकोसिस. तो झाल्यावर बरा करता येत नाही. सिलिकेची भुकटी आणि रेझिन यांपासून केलेल्या कृत्रिम दगडाचे ओटे कापणाऱ्या कामगारांमध्ये तो इतका आढळला की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या वापरावरच बंदी घातली. कडप्प्यात सिलिका कमी असते, पण नसतेच असे नाही. आणि घोटायला येणारा कारागीर आज आपला कडप्पा तर उद्या दुसऱ्याचा ग्रॅनाइट घासणार असतो. तोंडाला गमछा बांधून तो कोरडे यंत्र चालवतो तेव्हा गमछ्याच्या विणीतल्या फटी त्या कणांच्या कितीतरी पट मोठ्या असतात. सकाळी लागलेली ठसक दुपारी थांबते म्हणून कोणी मनावर घेत नाही. यंत्राला पाण्याची नळी जोडूनच काम करायचे, ही अट घरमालकाने घातली पाहिजे. शिक्षकांनी हे मुलांमार्फत घराघरात पोहोचवले तर ओट्याच्या चमकेपेक्षा ते जास्त मोलाचे ठरेल.

टँकरने पाणी येणाऱ्या गावात हे पाणी कोठून आणायचे, असे कोणी विचारील, आणि २०१६ चा उन्हाळा ज्यांनी मराठवाड्यात काढला आहे त्यांचा तो हक्कच आहे. पण हाताने घोटायला एक बादली पुरते. ओट्याच्या कडेला ओल्या फडक्याची गुंडाळी बांधासारखी लावावी, गढूळ पाणी बादलीत घ्यावे, तासभर निवळू द्यावे आणि वरचे नितळ पाणी पुन्हा वापरावे. फक्त नंबर बदलताना ताजे पाणी घ्यावे, कारण निवळलेल्या पाण्यात आधीचा जाड दाणा राहिलेला असू शकतो. गाळ मोरीत ओतू नये. तो नळीत बसून सिमेंटासारखा घट्ट होतो.

जिथे उपाय चालत नाही

फरशी आरपार तडकली असेल आणि तडीच्या दोन बाजू खालीवर झाल्या असतील, तर दोष फरशीत नसून खालच्या आधारात आहे. ती कितीही घोटली तरी पुन्हा तडकेल. कडप्प्याचे पापुद्रे सुटत असतील तर थरांच्या सांध्यात पाणी शिरले आहे. एखादा पापुद्रा काढून खालचा थर घोटता येतो, पण ओटाभर पापुद्रे असतील तर तो बदलावाच. चुनखडकाला थरांमुळे फरशीचे रूप मिळाले, त्याच थरांचा हा दोष.

वर्गात करून पाहण्यासाठी फरशीच्या दुकानाबाहेर पडलेले कडप्पा, शहाबादी आणि काळ्या ग्रॅनाइटचे तुकडे आणावेत, सोबत रस्त्याकडेची खडी घ्यावी. प्रत्येकावर लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, ताक आणि साबणाचे पाणी यांचा एकेक थेंब ठेवून वाटीने झाकावे आणि तासाभराने पुसून, तिरप्या उजेडात भिंगाने पाहावे. आधी अंदाज लिहून घ्यायला विसरू नये. नंतर कडप्प्याच्या तुकड्याचा निम्मा भाग झाकून निम्मा घोटावा. कागदाच्या चार तुकड्यांत चार गट कामाला लागतात.

या घासकामाचा गाळ वाळवून ठेवावा. त्याच्या चिमटीवर लिंबू पिळले तर फसफस स्पष्ट दिसते, कारण भुकटीचा पृष्ठभाग अखंड दगडाच्या मानाने अफाट असतो. हीच भुकटी इपॉक्सी रेझिनमध्ये कालवून टवका उडालेली कड भरता येते, आणि रंगही जुळतो. काळ्या दगडाची भुकटी वाळल्यावर राखाडी दिसते म्हणून मुले शंका काढतील. ती रेझिनमध्ये कालवली की पुन्हा काळी होते. हवेच्या जागी रेझिन आले, ओल्या ओट्यासारखेच.